मुगभाटातली अक्षरं

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती आली तो दिवस ९ ऑगस्ट २०२५, शनिवार, राखीपौर्णिमा. कल्याणला भावाला ओवाळलं, जेवणं झाली, आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी त्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मला एकच गोष्ट बघायची होती, तिच्या पॅकेजांच्या, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रॅम आणि फाँट यांच्या, यादीत माझी ओळ आहे की नाही. होती. एका मराठी फाँटचं पॅकेज, सगळं मिळून एका मेगाबाइटच्या आत. त्याला दोन वर्षं लागली. माझं प्रत्यक्ष काम म्हणाल तर चार-पाच रविवारांचं. बाकी सगळा काळ आम्ही बोलत होतो, आपापसांत आणि गिरगावातल्या एका काकांशी. त्या बोलण्याबद्दल मला लिहायचंय, कारण पॅकेजिंग म्हणजे नुसत्या कमांड चालवणं असं अनेकांना वाटतं.

मी लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि डोंबिवलीला राहते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी डेबियनची तीन पॅकेजं सांभाळते. डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये सुरू केली. तिचा मालक कोणी नाही, जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात, आणि तुमच्याकडे उबुंटू असेल तर तेही तिच्याच पायावर उभं आहे. कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम किंवा फाँट घ्यायचा, तो कशाकशावर अवलंबून आहे ते नोंदवायचं, त्यातल्या एकूण एक फाइलचा परवाना वाचून लिहून ठेवायचा, तो कुठल्याही मशीनवर सारखाच बसेल असा बांधायचा, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्याच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, हे मेंटेनरचं काम. मूळ लेखकाला आम्ही अपस्ट्रीम म्हणतो. तो वर, आम्ही खाली, आणि आमच्याही खाली वापरणारे.

हा फाँट मला सापडला मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेत. पत्रिका कल्याणच्या एका छोट्या प्रेसमधली. वाचता वाचता ‘दुसऱ्या दिवशी’ या शब्दांवर माझी नजर थांबली. त्यातला ऱ्या इतका नेटका होता की मी पत्रिका खिडकीपाशी नेऊन बघितली.

मराठी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एकात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पापणीसारखा आडवा होऊन य ला टेकतो. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून काढलेल्या कितीतरी फाँटांमध्ये ती नुसती उरकलेली असते, कुठे फार लांब, कुठे य पासून सुटलेली. ल आणि श यांचीही तीच गत, मराठी वळण वेगळं आणि हिंदी वेगळं. युनिकोडमध्ये या पापणीसाठी खाली नुक्ता असलेला ऱ वेगळा दिलेला आहे, त्याला हलन्त लावून पुढे य किंवा ह लिहिला की फाँटने आपणहून पापणी काढायची असते. ती कशी दिसणार हे मात्र अक्षर काढणाऱ्याच्या हातात. या पत्रिकेतली पापणी काढणाऱ्याने आयुष्यभर मराठी हाताळलेली होती, हे बघताक्षणी कळत होतं.

प्रेसवाल्याला विचारलं. फाँट नेटवरून उतरवलेला होता, मोफत. सोबतच्या फाइलमध्ये मराठीत दोनच ओळी होत्या: सर्वांना मोफत. व्यापारी वापरास मनाई. खाली नाव आणि गिरगावातल्या मुगभाट लेनचा पत्ता.

आम्ही चौघं महिन्याच्या शेवटच्या रविवारी दादरला हिंदू कॉलनीत एका मैत्रिणीच्या घरी जमतो. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ठाण्याचे सर डेबियन डेव्हलपर आहेत. माझ्याकडे अपलोडचा अधिकार नाही, मी बांधलेलं पॅकेज ते तपासतात आणि स्वतःच्या किल्लीने सही करून वर चढवतात. चौथा विरारहून येतो, तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. जून २०२३ च्या रविवारी मी पत्रिका आणि त्या दोन ओळी टेबलावर ठेवल्या.

“ताई, नॉन-फ्रीमध्ये टाकून मोकळे होऊ,” विरारचा म्हणाला. “लोकांना फाँट मिळाल्याशी मतलब.”

सर म्हणाले, “नॉन-फ्री हा मुक्त नसलेल्या गोष्टींचा विभाग, तो डेबियनचा भाग नाही. आपण तो शेजारी ठेवतो, एवढंच. आणि ही दुसरी ओळ आहे तोवर मेनमध्ये, म्हणजे मुख्य विभागात, जाणार नाही.”

डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं १९९७ सालची आहेत. त्यातलं सहावं कलम सांगतं की परवान्याने कुठल्याही कामाच्या क्षेत्राबाबत भेदभाव करता कामा नये. धंद्यात वापरू नका ही अट त्यातच अडकते. विरारच्या मुलाला हे पटेना. एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या मेहनतीची वस्तू फुकट दिली आहे आणि एवढीशी अट घातली आहे, त्यात वाईट काय, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही त्याच्याच बाजूची होते.

मग मैत्रिणीने एकेक विचारायला सुरुवात केली. सराव प्रश्नपत्रिका छापून विकणारा क्लासवाला व्यापारी की नाही? बचत गटाच्या बायका लोणच्याच्या बरणीवर लेबल लावतात, त्या? ग्रामपंचायतीची नोटीस चालेल, पण ती टाइप करून देणारा झेरॉक्सवाला पानाला दहा रुपये घेतो, त्याचं काय? आणि ही पत्रिका? प्रेसवाल्याने पैसे घेऊनच छापली ना? मला ते चांगलंच लागलं. ज्या पत्रिकेने मला हा फाँट दाखवला, ती पत्रिकाच त्या अटीत बसत नव्हती. मराठी अक्षरं जिथे रोज लागतात, ती जागा म्हणजे असलीच दुकानं. त्यांना वगळून ‘सर्वांना मोफत’ याला काही अर्थ राहत नाही. मोफत आणि मुक्त या दोन शब्दांतलं अंतर मी तोवर दहा जणांना समजावून सांगितलं असेल. ते मला स्वतःला कळलं त्या दिवशी, लोणच्याच्या बरणीवरून.

ठरलं की काकांना जाऊन भेटायचं. पॅकेज माझं, म्हणून जायचं मी.

चर्नी रोडला उतरून चालत गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, बाहेर सामायिक गॅलरी. काका तेव्हा शहात्तर वर्षांचे. गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडल्यावर घरी बसून कागदावर अक्षरं काढायला लागले, आणि बोरिवलीच्या भाच्याने ती कॉम्प्युटरवर चढवली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपाबद्दल ते असं बोलत होते की जणू कालच त्या छापखान्यातून परतलेत. र. कृ. जोशींचं नावही आलं. विंडोजमधला मंगल फाँट जोशींचा, हे मला ठाऊक होतं. काकांना त्यांच्या एकेका अक्षराचं वळण तोंडपाठ होतं.

मी मुद्द्यावर आले. व्यापारी वापराची मनाई का घातलीत?

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पूर्वी एकदा त्यांनी काढलेली अक्षरं कुणीतरी नाव बदलून सीडीवर घालून विकली होती. “पैशाचं काही नाही हो ताई. पण माझा क दुसऱ्याच्या नावाने बाजारात फिरतो, ते बघवत नाही.”

म्हणजे त्यांना धंद्याचा राग नव्हताच. त्यांची तक्रार नाव पुसल्याची होती, आणि त्यासाठी त्यांनी हाताला लागली ती ओळ लिहून टाकली होती. मी त्यांना ओपन फाँट लायसन्सबद्दल सांगितलं. एसआयएल या संस्थेने तो खास फाँटांसाठी तयार केला, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. फाँट कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. नुसता फाँट सुटा विकता येत नाही, पण एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर देता येतो. मूळ कॉपीराइटची ओळ काढता येत नाही. आणि लेखकाने नाव राखून ठेवलं असेल, तर बदल केलेल्या फाँटला ते नाव लावता येत नाही. आपल्या मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाने मुक्ता आणि बलू हे फाँट याच परवान्याखाली दिलेत, हेही सांगितलं. मुक्ता त्यांनी बघितलेला होता.

“म्हणजे पत्रिकावाला वापरणार?”

“वापरणार. पैसेही कमावणार. त्यातलं तुम्हाला काही मिळणार नाही.” हे मी सरळ सांगितलं. गोड बोलून सही घ्यायची नव्हती.

“नाव राहील?”

“जिथे जिथे हे पॅकेज जाईल, तिथे एक कॉपीराइट नावाची फाइल जाते. तिच्यात तुमचं नाव पहिल्या ओळीत. ती नसेल तर आमच्याकडे पॅकेज घेतच नाहीत.”

ते म्हणाले विचार करून सांगतो. जुलै गेला, ऑगस्ट गेला. भाच्याला मी फोन केला नाही, सरांनी सांगितलं होतं की घाई करू नका. ऑक्टोबरात भाच्याचाच फोन आला. काकांनी परवान्याचा मजकूर त्याच्याकडून मराठीत समजून घेतला होता, ओळ न् ओळ, आणि मगच होकार दिला होता.

इथे काम संपायला हवं होतं, पण आमच्यातच दोन वाद उभे राहिले.

पहिला राखीव नावाचा. तो सरांनी काढला. नाव राखलं, तर उद्या एखादी चूक आम्ही डेबियनमध्ये परस्पर दुरुस्त केली तरी तो बदललेला फाँट ठरेल, आणि नाव बदलावं लागेल. फक्त डेबियनला सूट द्या असं काकांना म्हणताही येत नाही, कारण आठव्या कलमानुसार हक्क डेबियनपुरते असून चालत नाहीत. दुसरीकडे चौथं कलम स्पष्ट सांगतं की बदललेल्या वस्तूला वेगळं नाव द्या, अशी अट लेखक घालू शकतो. दोन रविवार आम्ही यावर घासाघीस केली. माझं म्हणणं एकच होतं: ज्या माणसाची सगळी दुखरी नस नाव हीच आहे, त्याला नाव राखू नका असं सांगायला मी मुगभाटात पुन्हा जाणार नाही. शेवटी ठरलं की नाव राखायचं आणि दुरुस्ती आधी अपस्ट्रीमकडे पाठवायची. भाच्याने नवीन आवृत्ती काढली की आम्ही ती घ्यायची. वेळ जास्त लागतो, पण मला हीच पद्धत योग्य वाटते.

दुसरा वाद मूळ साहित्याचा, आणि तो जास्त चालला. आमच्याकडे होती टीटीएफ फाइल, म्हणजे बांधून तयार झालेला फाँट. भाच्याने ती बनवली होती विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याची मूळ फाइल ते सॉफ्टवेअर असेल तरच उघडायची. विरारचा म्हणाला, टीटीएफही फाँटफोर्ज या फाँट संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बदलता येते, तेच मूळ समजू. तयार फाइल घेऊ, जागेवर ठेवू, झालं. सरांचं मत, ज्या रूपात लेखक स्वतः बदल करतो ते मूळ, आणि डेबियनमध्ये फाँट डेबियनमधल्याच हत्यारांनी त्या मुळातून बांधला गेला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पर्यंत कोणी मागे हटेना.

मग २९ मार्चला, गुड फ्रायडेला, बातमी आली. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला डेबियन सिडवर, म्हणजे अजून घडत असलेल्या आवृत्तीवर, एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याचा माग काढत तो एक्सझेड या फाइली दाबायच्या पॅकेजपर्यंत पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या, टोपणनावाच्या एका माणसाने तो घातला होता. आणि पॅकेजिंग करणाऱ्याला झोप लागू नये अशी गोष्ट ही, की तो चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या, साठ्यात नव्हताच. तो होता प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, बांधणीच्या एका फाइलमध्ये. बाकीचा ऐवज चाचणीसाठीच्या दाबलेल्या फाइलींच्या रूपात लपवलेला. स्टेबलपर्यंत, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीपर्यंत, तो पोचला नाही. डेबियनने जुनी आवृत्ती परत आणली, तिचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५, म्हणजे दिसायला पुढची, प्रत्यक्षात मागची. माझ्या लॅपटॉपवर सिडच आहे. त्या रात्री अपडेट होईपर्यंत मी टेबलावरून उठले नाही.

पुढच्या भेटीला विरारचा मुलगा आला तो भाच्याशी बोलूनच आला होता. फाँट त्यांनी यूएफओ या खुल्या रूपात काढून घेतला होता. फाँटमेक हे फाँट बांधायचं हत्यार डेबियनमध्ये आहे, त्याने तो सरळ बांधता येतो. जोडाक्षरांचे नियम बाहेर नीट आले नाहीत, तर पुढचे तीन महिने त्यानेच ते एकेक करून नव्याने लिहिले. क्ष, ज्ञ, द्ध, ह्य, सगळे. ‘वाद जिंकलो’ असं सर एका शब्दाने म्हणाले नाहीत.

यूएफओत प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल असते. ती यादी मी काकांना लॅपटॉपवर दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि यादीवरून बोट फिरवत राहिले. क एका जागी, अर्धा क दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. “केस आहे की ही,” म्हणाले. खिळे ठेवायच्या लाकडी खणांना त्यांच्या धंद्यात केस म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी अंधारातसुद्धा हात कुठल्या खणात जायचा, ते त्यांनी मला हवेत हात फिरवून दाखवलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सरांनी पॅकेज वर चढवलं. नवीन पॅकेज आधी न्यू नावाच्या रांगेत थांबतं, तिथे स्वयंसेवकच त्यातले परवाने वाचतात. जानेवारीत ते परत आलं. चूक माझी होती. भाच्याच्या साठ्यात फाँट दाखवायचं एक वेबपान होतं, आणि त्यातली एक जावास्क्रिप्ट फाइल तिसऱ्याच कुणाची, एमआयटी या दुसऱ्या मुक्त परवान्याची. कॉपीराइट फाइलमध्ये तिचा उल्लेख राहून गेला होता. ज्या फाइलच्या भरवशावर मी काकांना शब्द दिला, तिच्यातच मी एका अनोळखी माणसाचं नाव गाळलं होतं. नोंद घातली, बाकीच्या फाइली पुन्हा पहिल्यापासून वाचून काढल्या आणि सरांनी परत पाठवलं.

तोवर फ्रीझ, म्हणजे आवृत्ती निघण्याआधी बदल थांबवायचा काळ, जवळ आला. १५ एप्रिल २०२५ ला सॉफ्ट फ्रीझ, त्यानंतर टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे तयार होते तिथे, नवीन पॅकेज शिरत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रांगेतून सुटलं. पण न्यूमध्ये पाठवताना बांधलेली फाइल सोबत द्यावी लागते, आणि टेस्टिंगमध्ये जायचं तर ती डेबियनच्या बांधणी यंत्रांवर बांधलेली लागते. त्यामुळे नुसत्या सोर्सचं दुसरं अपलोड. मग पाच दिवस थांबायचं, त्यात मोठा बग निघाला नाही तर पुढे. गुढीपाडव्याच्या सकाळी, ३० मार्चला, ते टेस्टिंगमध्ये गेल्याचा मेल आला. गुढी उभारायची बाकी होती. मी आधी सरांना फोन केला, मग विरारला.

राखीनंतरच्या रविवारी काकांकडे गेले. भाच्याने त्यांच्या जुन्या मशीनवर ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, बसवून ठेवलं होतं. काकांनी कॉपीराइटची फाइल उघडायला लावली, स्वतःचं नाव वाचलं, आणि काही न बोलता ती बंद करायला सांगितली. मग टाइप करत बसले. दर्या, दऱ्या, आचार्य, आचाऱ्याने. बराच वेळ. एकदम थांबून म्हणाले, “ताई, हे बघा. वऱ्हाड.”

पापणी ह ला चिकटत होती. य च्या आधी छान सुटलेली, ह च्या आधी जागा कमी. मी आणि विरारच्या मुलाने शेकडो शब्द तपासले होते, आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बग कसा नोंदवतात हे त्यांनी विचारलं. साधा मेल असतो, पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, दुसरीत आवृत्ती, मग मजकूर. त्यांनी मराठीत सांगितला, मी त्याखाली इंग्रजीत लिहिला. गंभीरता विचारतात म्हटल्यावर मी पायऱ्या वाचून दाखवल्या आणि मायनर घालू का विचारलं.

“वऱ्हाड नीट उमटत नाही, ते किरकोळ कसं?” काका म्हणाले.

नॉर्मल घातलं. त्यांनी तेवढ्यात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने ऱ्ह पुन्हा काढला होता, दोघांमधली जागा दोन रेघांनी दाखवून. त्याचा फोटो मेलला जोडला आणि पाठवून दिला.